तक्रार केली तर आणखी नजरेत येऊ का?

या वेळचं पत्र न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलंय, नाव छापू नका असं तिने सांगितलंय. पत्र मोठं आहे, मी थोडं कमी करून तिच्याच शब्दांत देतेय.

"ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, मी तुमच्या लेकीच्या वयाची असेन. आम्ही कोकणी मुसलमान, नवऱ्याचं नाव-आडनाव असं की दापोली-खेडला बाजारात हाक मारली तर दहा जण वळून बघतील. तो 2019 पासून अमेरिकन सिटिझन, माझं ग्रीन कार्ड. गेल्या दोन वर्षांत तो सहा वेळा विमानात बसला आणि सहाही वेळा बोर्डिंग पासवर चार एस छापून आले. घरून चेक-इन होतच नाही, काउंटरवर जायचं, तिथला माणूस कुठेतरी फोन लावतो, मग बाजूला घेऊन अंगझडती, बॅगेतलं एकेक बाहेर. डिसेंबरात मुंबईहून येताना सासूबाईंनी दिलेलं कुळथाचं पीठ गेटवर सगळ्यांसमोर उघडलं. आता हा स्वतःचं तिकीट वेगळं काढतो आणि एअरपोर्टवर आमच्यापासून लांब उभा राहतो, मुलांना त्रास नको म्हणून. मोठा अकरा वर्षांचा आहे, त्याने मला विचारलं, आपण बाबांना ओळखत नाही असं दाखवायचं का? सासूबाईंची तब्येत बरी नाही, जायला हवं, पण हा म्हणतो परत येताना बसूच दिलं नाही तर? तक्रार कर म्हटलं तर म्हणतो, आणखी नजरेत येऊ. ओळखीचे सांगतात नाव बदला. सासरे म्हणतात आपल्या देशात असं झालं नसतं. सुरक्षा तर हवीच ना ताई, आम्हीही त्याच विमानात बसतो, मग हे मुकाट्याने सोसायलाच हवं का?"

तर तूच म्हणते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या मुलाच्या प्रश्नापाशी अडकले. त्याला आजच सांग की नाही, असं काहीही दाखवायचं नाही, बाबांनी काही केलेलं नाही. आणि तिकिटं पुन्हा एकत्र काढा. ही तपासणी माणसाच्या नावावर आणि जन्मतारखेवर लागते, वेगळं तिकीट काढून नवऱ्याची त्यातून सुटका होत नाही, फार तर तुम्हाला त्याच्यासाठी अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल, तेवढं थांबा.

आता नक्की काय चाललंय ते आधी समजून घेऊ, कारण लोक सगळ्याला सरसकट 'नो फ्लाय' म्हणतात आणि मग घाबरून जातात. एफबीआयच्या हाताखाली एक ऑफिस आहे, 2003 मध्ये टेररिस्ट स्क्रीनिंग सेंटर या नावाने सुरू झालेलं, तिथे दहशतवादाच्या संशयितांची एक मोठी वॉचलिस्ट असते. तिच्या पोटात दोन मुख्य याद्या विमानासाठीच्या. एक नो फ्लाय, म्हणजे विमानात बसायलाच मनाई. दुसरी सिलेक्टी, म्हणजे बसता येतं पण दर वेळी जादा तपासणी, तेच ते चार एस. आणि शिवाय हे चार एस नुसते रॅन्डमली येतात, प्रवासाच्या पद्धतीवरून येतात, किंवा तुझं नाव यादीतल्या कुणाच्या नावासारखं असलं म्हणूनही येतात. तुझा नवरा सहा वेळा बसला ना विमानात? बसू दिलं ना? मग तो त्या सहाही वेळा नो फ्लायवर नव्हता, हे त्याला नीट बसवून सांग. सहापैकी सहा वेळा म्हणजे रॅन्डम वाटत नाही, ते मलाही दिसतंय, पण नावसाधर्म्य हे कारण अगदी शक्य आहे.

नावसाधर्म्याचा घोळ किती वर जाऊ शकतो ते सांगते. 2004 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांना, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या सख्ख्या भावाला, एअरपोर्टवर पुन्हा पुन्हा अडवत होते कारण कुठल्यातरी संशयिताने 'टी. केनेडी' असं टोपणनाव घेतलं होतं आणि यांना सगळे टेड म्हणायचे. त्यांना थेट होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे देशांतर्गत सुरक्षा खात्याच्या, वरच्या माणसांशी बोलावं लागलं, तरी प्रकरण निस्तरायला काही आठवडे गेले. तेव्हा यादीशी नाव जुळवायचं काम एअरलाइन्सच करायच्या. 2010 च्या शेवटापासून ते पूर्णपणे टीएसएकडे, म्हणजे एअरपोर्टवरची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे, त्याला सिक्युअर फ्लाइट म्हणतात, विमान सुटायच्या 72 तास आधीपासून एअरलाइन तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग आणि असल्यास रिड्रेस नंबर (तो काय ते पुढे सांगते) तिकडे पाठवते आणि तिथे जुळवणी होते.

इथे आपला मराठी माणसांचा म्हणून एक वेगळा गुंता आहे. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. भारतीय पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये जाऊन बसतं, सिटिझनशिपच्या वेळी ते मिडल नेम होतं किंवा गळूनच जातं, तिकीट काढताना आपण घाईत मधलं नाव सोडतो, आणि एका माणसाची तीन कागदांवर तीन नावं होतात. ज्याचं नाव-आडनाव शेकडो लोकांचं आहे त्याला वेगळं ओळखायला ते मधलं वडिलांचं नावच तर कामी येतं. तेव्हा अमेरिकन पासपोर्टवर आहे अगदी तसंच, अक्षर न अक्षर, प्रत्येक तिकिटावर टाका. एअरलाइनच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह करून ठेवलेलं प्रोफाइलही उघडून बघा, बहुतेक चूक तिथेच दडलेली असते.

आणि मग तो अर्ज. डीएचएस ट्रिप नावाची होमलँड सिक्युरिटीची तक्रारीची सोय आहे, 2007 पासून, अर्ज ऑनलाइन, एक पैसा लागत नाही. त्यात काय काय घडलं ते तारखेसकट लिहायचं, पासपोर्टची कॉपी जोडायची. सात आकडी रिड्रेस कंट्रोल नंबर मिळतो, तो पुढच्या प्रत्येक बुकिंगमध्ये टाकायचा. लोक तो प्रीचेकच्या, म्हणजे आधी पडताळणी करून घेतलेल्या प्रवाशांच्या, नोन ट्रॅव्हलर नंबरच्या रकान्यात टाकतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही, रकाना वेगळा असतो. केस नावसाधर्म्याची असेल तर त्याला खरा उपयोग याचाच, कारण सिस्टिमला कळतं की हा तो नव्हे. सहाही प्रवासांचे बोर्डिंग पास असतील ते शोधून फोटो काढून ठेवा, आणि कुठे किती वेळ थांबवलं, काय विचारलं, सगळं एका वहीत लिहा, आठवतंय तोवर.

आता "तक्रार केली की नजरेत येऊ". ही भीती मी आपल्या लोकांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतेय, आणि ती कुठून येते तेही मला माहीत आहे, गावाकडे चौकीची पायरी चढू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. पण बघ, ज्याला सहा वेळा बाजूला घेतलंय तो नजरेत आहेच, फरक इतकाच की तिथल्या नोंदीत त्याची बाजू लिहिलेली नाही. विचारत राहिल्यामुळे काय होतं त्याची एक खरी गोष्ट सांगते, मला ही गोष्ट विसरता येत नाही.

रहीना इब्राहिम म्हणून मलेशियाच्या एक बाई, आर्किटेक्ट, स्टॅनफर्डला पीएचडी करत होत्या. 2 जानेवारी 2005 ला त्या सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवर आल्या, नुकतंच गर्भाशयाचं ऑपरेशन झालेलं म्हणून व्हीलचेअरवर, बरोबर चौदा वर्षांची लेक. काउंटरवर नाव यादीत सापडलं. बेड्या घातल्या, पोलिसांच्या कोठडीत नेलं, दोनेक तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं, पण पुढे व्हिसा रद्द झाला आणि त्या परत येऊ शकल्या नाहीत. त्यांनी केस केली. सरकारने वर्षानुवर्षं कोर्टात सांगितलं की हे गुपित आहे, यादीत आहे का नाही तेही सांगणार नाही. शेवटी डिसेंबर 2013 मध्ये खटला चालला, आणि कारण काय निघालं माहितीये? एफबीआयच्या एका एजंटने 2004 मध्ये एक फॉर्म चुकीचा भरला होता. त्या फॉर्मवर ज्या यादीत नाव घालायचं नाही तिथे खूण करायची होती, त्याने उलट्या खुणा केल्या. त्या बाईंकडून देशाला काही धोका नव्हता हे सरकारनेच कोर्टात मान्य केलं. 2014 च्या जानेवारीत जज विल्यम ऑलसप यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, नऊ वर्षांनी. आणि त्या खटल्यासाठी त्यांची अमेरिकन नागरिक असलेली मुलगी साक्ष द्यायला येत होती तर तिलाही क्वालालंपूरला विमानात बसू दिलं नाही. एका खुणेपायी हे सगळं झालं, आणि ती बाई विचारत राहिली म्हणून बाहेर आलं. तिने "जाऊ दे" म्हटलं असतं तर तो फॉर्म कुणी परत बघितलाच नसता.

तू विचारलंस सुरक्षा हवीच ना. हवीच, आणि मी ते तोंडदेखलं म्हणत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या आधी विमानबंदीच्या यादीत वीससुद्धा नावं नव्हती. त्या दिवशी विमानं पळवणाऱ्या एकोणीस जणांतले दोघे, हाजमी आणि मिहदार, सीआयएला आधीच ठाऊक होते, ऑगस्टमध्ये त्यांची नावं परराष्ट्र खात्याच्या वॉचलिस्टवर गेलीसुद्धा, पण विमानवाल्यांच्या यादीपर्यंत पोचलीच नाहीत आणि ते स्वतःच्या खऱ्या नावाने विमानात बसले. 2009 च्या नाताळात अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला येणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात लपवलेला बॉम्ब पेटवायचा प्रयत्न केला, त्याच्या स्वतःच्या वडिलांनी नायजेरियात अमेरिकन वकिलातीत जाऊन मुलाबद्दल सांगितलेलं होतं, तरी तो नो फ्लायवर नव्हता. तेव्हा यादी नकोच असं मी कधीच म्हणणार नाही. यादी जरूर असू दे. पण ज्याचं नाव घातलं त्याला का घातलं ते कळायला हवं, आणि तो मी नाही हे सांगायला त्याला जागा हवी, एवढंच मागणं आहे, आणि हे मागणं सुरक्षेच्या विरोधात जात नाही, कारण चुकीच्या माणसाच्या बॅगेत पीठ चाळत बसलेला अधिकारी त्या वेळी बरोबर माणसाकडे बघत नसतो.

हे माझं मत झालं, पण कायदाही बराचसा हेच सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती म्हणते की योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही, आणि प्रवास करणं हा त्या स्वातंत्र्याचा भाग आहे हे सुप्रीम कोर्टाने 1958 मध्येच म्हटलंय. 2010 मध्ये नो फ्लायमुळे अडलेल्या काही जणांनी, त्यात लष्करात नोकरी केलेलेही होते, ओरेगनमध्ये केस केली, ती लतीफ केस. जून 2014 ला जज अ‍ॅना ब्राउन यांनी ठरवलं की तक्रारीची तेव्हाची पद्धत घटनेत बसत नाही, माणसाला नाव आहे का आणि का आहे हे सांगायलाच हवं. त्यानंतर 2015 पासून नियम बदलला, अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला नो फ्लायमुळे विमानात बसू दिलं नाही आणि त्याने ट्रिपकडे अर्ज केला तर नाव यादीत आहे की नाही ते कळवतात, आणि शक्य असेल तेव्हा कारणाचा थोडा गोषवाराही देतात. मग 19 मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टाने फिक्रे केसमध्ये एकमताने सांगितलं की नुसतं नाव काढून टाकलं म्हणून सरकारला केस संपली असं म्हणता येणार नाही, उद्या पुन्हा घालणार नाही हे दाखवावं लागेल. योनास फिक्रे हा पोर्टलंडचा अमेरिकन नागरिक, त्याचं म्हणणं असं की सुदानमध्ये असताना एफबीआयवाल्यांनी त्याला सांगितलं, आमचा खबऱ्या हो, मग नाव काढू.

पण तुला खोटी आशा दाखवणार नाही. हे सगळं मुख्यतः ज्यांना विमानात बसूच दिलं नाही त्यांच्यासाठी. नुसत्या जादा तपासणीबद्दल कोर्टं इतकी उदार नाहीत. व्हर्जिनियातल्या एका जजने 2019 मध्ये अख्खी वॉचलिस्टच घटनाबाह्य ठरवली होती, पण 2021 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि म्हटलं की एअरपोर्टवर होणारा उशीर म्हणजे स्वातंत्र्यच हिरावून घेणं नव्हे. ते कोर्ट न्यू जर्सीचं नाही, तरी वारं कुठलं आहे ते कळतं. मला स्वतःला तो निकाल पटलेला नाही. ज्या घरात बाप मुलांपासून लांब उभा राहायला लागतो तिथे फक्त पाऊण तास गेला असं म्हणता येत नाही. ट्रिपचं पत्रही तुला कोरडंच वाटेल, त्यात यादीत होतात किंवा नव्हतात असं काहीच लिहिलेलं नसेल. पण ते पत्र आल्यावरच्या पुढच्या दोन-तीन प्रवासांत चार एस गेले की समजायचं नावाचा घोळ होता. नाहीच गेले तर मग वकील. न्यूयॉर्कला सिटी युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये क्लिअर नावाचा गट आहे, ते अशा केसेस फुकट बघतात, एडिसनहून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर, त्यांना निदान विचारा तरी.

सासऱ्यांना माझा सलाम सांग, पण आपल्या देशात असं होत नाही हे काही खरं नाही. आपल्याकडे लुकआउट सर्क्युलर असतं, म्हणजे या माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशी सूचना, आणि आपल्या नावाने ते निघालंय हे माणसाला पुष्कळदा इमिग्रेशनच्या काउंटरवर, बॅगा आत गेल्यावर कळतं. मनेका गांधींचा पासपोर्ट 1977 मध्ये 'जनहितार्थ' म्हणून जप्त केला आणि कारण द्यायला नकार दिला, त्यावर 1978 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी जाणं हा कलम 21 मधल्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो काढून घ्यायची पद्धत न्याय्य असायला हवी. तरी सरकारी बँकांच्या प्रमुखांना कर्जदाराविरुद्ध असं सर्क्युलर मागायची मुभा होतीच, ती मुंबई हायकोर्टाने एप्रिल 2024 मध्ये रद्द केली. उलट एक बरी गोष्टही आपल्याकडेच आहे. 2017 मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांचं एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाणीचं प्रकरण गाजलं, त्या वर्षी गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी यादीचे नियम आले. त्यात कुठल्या वागणुकीला किती दिवसांची बंदी ते लिहिलंय, तोंडाने गैरवर्तन केलं तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर गेलं तर सहा, जिवाला धोका आणला तर दोन वर्षं किंवा जास्त. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या समितीने 30 दिवसांत ठरवायचं, वर अपीलही आहे. दहशतवादाची यादी इतकी उघड ठेवता येणार नाही हे मला कळतं, पण किती दिवस, कुणी ठरवलं, दाद कुठे मागायची, हे यादीला विचारता येतं हे त्यावरून दिसतं.

नाव बदलू नका. कायद्याने बदलता येतं, पण जन्मतारीख तीच राहते, जुनं नाव सगळीकडे विचारतातच, आणि बापजाद्यांचं नाव एका मशीनसाठी टाकून देणं तुझ्या नवऱ्याच्या मनाला किती लागेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एफबीआयचं कुणी घरी आलं, फोन आला, तर घाबरून दार लावू नका आणि घाबरून बडबडूही नका. "वकिलाबरोबर बोलेन" एवढं म्हणायचा हक्क आहे. खोटं मात्र चुकूनही बोलायचं नाही, फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हाच वेगळा गुन्हा आहे.

आता दापोली. जाऊ दे त्याला, ट्रिपचं उत्तर येईपर्यंत आईला थांबवू नका, अर्ज आज भरा आणि तिकीटही आजच काढा. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेच्या दारात आल्यावर आत यायला नकार देता येत नाही, प्रश्न फक्त मुंबईत विमानात चढण्याचा, आणि तिथे कधी अडलंच तर बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटला लगेच कळवायचं, नंबर फोनमध्ये नको, कागदावर लिहून पाकिटात, कारण फोन तपासणीला जाऊ शकतो. काउंटरसाठी तीन तास हाताशी ठेवा. आणि पीठ चेक-इन बॅगेत भरा गं, 2018 पासून अमेरिकेला येणाऱ्या विमानात केबिन बॅगेत साडेतीनशे मिलीच्या वर कुठलीही पावडर असली की ती उघडतातच, चार एस असोत नसोत, डिसेंबरात तुमचं पीठ त्यामुळेही उघडलं असेल. सासूबाईंना सांग पुढच्या वेळीही द्या, दोन किलो द्या.

ट्रिपचं पत्र आलं की मला पाठव, त्याची भाषा पहिल्या वाचनात कळत नाही, आपण दोघी मिळून वाचू.